कोट-पँट, गणवेश आणि सात दिवस: युद्धकैद्यांबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

तो मेसेज परवा पुन्हा आला. वर्षातून दोनदा येतोच, जुलैत कारगिल विजय दिनाच्या सुमाराला आणि डिसेंबरात १६ तारखेच्या, १९७१ च्या विजय दिनाच्या, आगेमागे. आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात ज्या घरातून कुणीच मराठा लाइट इन्फंट्रीत गेलं नाही, असं घर शोधावं लागतं. रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे आणि कॅम्पातला बिगुल ऐकत इथल्या चार पिढ्या वाढल्या. त्यामुळं फौजेबद्दलचा मेसेज इथं कुणी वाचून सोडून देत नाही. तो जिव्हारी लागतो, आणि जिव्हारी लागलेला माणूस खरं-खोटं बघत न बसता पुढं पाठवतो.

मेसेज थोडक्यात असा:

“जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला सात दिवसांत सोडावंच लागतं. सोडताना तो त्याच्या गणवेशातच असला पाहिजे. पाकिस्तानने आपले वैमानिक अभिनंदन यांना कोट-पँट घालून पाठवलं, हा करारभंग आणि आपल्या वर्दीचा अपमान. आणि आपण काय केलं? १९७१ ला ९३,००० सैनिकांना नवे कपडे, पांघरुणं, पोटभर जेवण देऊन, बदल्यात काहीही न घेता लगेच सोडून दिलं. नेसरी विसरू नका. सोडलेला शत्रू उलटून येतो. खरे मराठे असाल तर पुढे पाठवा.”

रात्री नऊला मामांचा फोन. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले, आता पंचाहत्तरी ओलांडलेली. “हे खरं हाय काय रे? तू कायद्याचं वाचतोस की. बघून सांग. आमच्या वेळंला असलं काय आम्हाला सांगितलं नव्हतं.” मी बेळगावच्या कोर्टात वकिली करतो, कलमं वाचणं हे माझं रोजचं काम. दोन दिवस घेतले, करार काढून वाचला. उत्तर ग्रुपवर चार ओळींत मावेना, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

मेसेजमधला पहिला दावा सात दिवसांचा आहे, पण लोकांना लागतो तो कोट-पँटचा. म्हणून आधी तोच घेतो.

ज्याला आपण जिनिव्हा करार म्हणतो तो इथं लागू होणारा करार म्हणजे १२ ऑगस्ट १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार. एकूण १४३ कलमं. भारतानं तो १९५० मध्ये स्वीकारला, पाकिस्ताननं १९५१ मध्ये, आणि आपल्या संसदेनं १९६० मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. लढाई थांबल्यावर कैद्यांना सोडण्याबद्दलची मुख्य कलमं दोन, ११८ आणि ११९. सोडताना कैद्याच्या अंगावर काय असावं याबद्दल त्यांत एक अक्षर नाही. आहे ते असं: ठेवून घेतलेल्या मौल्यवान वस्तू कैद्याला परत द्यायच्या. त्याचं खासगी सामान, त्याला आलेली पत्रं आणि पार्सलं त्याला बरोबर नेऊ द्यायची. वजनावर मर्यादा घालावी लागलीच, तरी निदान २५ किलो नेण्याचा त्याचा हक्क काढता येत नाही. कैद्याच्या बोचक्याचं वजन किती असेल इथपर्यंत ज्यांनी विचार केला, त्यांना गणवेश आठवला नाही असं कसं म्हणणार? त्यांनी ती अट घातली नाही, कारण ती पाळता येण्यासारखीच नव्हती.

का ते कलम २७ वाचलं की कळतं. कैद्याला पुरेसे कपडे, आतले कपडे आणि पायातलं देण्याची जबाबदारी पकडणाऱ्या देशाची. तेही जिथं ठेवलंय तिथल्या हवेला जुळतील असे. फाटले तर दुरुस्त करून, झिजले तर बदलून. कैद्याला कामाला लावलं तर त्या कामाला लागतील ते वेगळे. शत्रूचे गणवेश हाती लागले असतील आणि हवेला चालत असतील, तर तेच कैद्यांना घालायला द्यावेत असंही त्यात आहे. म्हणजे जमलं तर स्वतःच्या फौजेची वर्दी, नाही तर जी मिळेल ती चांगली, उबदार, धड वस्तू. माणूस पकडला जातो तेव्हा तो चिखलात, रक्तात, जळलेल्या कपड्यांत असतो. विमानातून उडी टाकलेल्या वैमानिकाची वर्दी धड राहीलच याची खात्री कोण देणार? आणि कैद वर्ष-दोन वर्षांची झाली तर मूळचे कपडे किती दिवस पुरतील?

मग करार जपतो काय? बिल्ले आणि फिती. कलम १८ सांगतं की हुद्द्याची आणि देशाची चिन्हं, पदकं आणि ज्या वस्तूंत माणसाचा जीव गुंतलेला असतो त्या कैद्याकडून काढून घेता येत नाहीत. हत्यारं, लष्करी कागदपत्रं काढून घेता येतात. हेल्मेट मात्र त्याच्याकडंच राहतं. कलम ४० पुन्हा तेच बजावतं, की चिन्हं आणि पदकं लावायची मुभा कैदेतही असली पाहिजे. कापड कुणाच्याही गिरणीचं असो, त्यावरची फीत त्या शिपायाची असते, आणि करार त्या फितीच्या बाजूनं उभा राहतो.

आमच्या घरी हे सांगायला एक वस्तू आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना थोरले आजोबा म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धात मराठ्यांच्या २/५ पलटणीत (पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण) नाईक होते. जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं तेव्हा ही पलटण तिथंच होती आणि जवळजवळ सगळी कैद झाली. थोरले आजोबा तीन वर्षं कैदेत होते, आधी इटलीत, मग जर्मनांकडं. परत आले ते एक लोकरी आखूड कोट घेऊन. तो अजून आमच्या माळ्यावरच्या काळ्या पेटीत आहे, झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर. कोट त्यांचा नव्हता. रेडक्रॉसच्या मार्फत आलेल्या कपड्यांतला तो त्यांना छावणीत मिळाला, बाह्या दोन बोटं लांब. पण उजव्या बाहीवर दोन फिती आहेत, हातानं शिवलेल्या, काळ्या दोऱ्यानं, टाके बारीक आणि एकसारखे. वाळवंटात पकडले तेव्हा अंगात होता त्या सुती शर्टावरच्या त्या फिती. शर्ट फाटून गेला, फिती त्यांनी उसवून जपल्या आणि परक्या कोटावर शिवल्या. घरी कुणीही कधी विचारलं नाही की हा कोट आपल्या पलटणीचा आहे का. फितीवरून हात फिरवायचे सगळे.

मामांनीही फोनवर असंच काही सांगितलं. १९७३ च्या थंडीत ते काही महिने मध्य प्रदेशात युद्धकैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होते. तारेच्या आत दोरीवर कपडे वाळत असायचे, आपण दिलेल्या जर्स्या आणि त्यांच्या खाकी शर्टांची सरमिसळ. “त्यांच्या एका सुभेदारानं सुई-दोरा मागितला. गार्ड कमांडरला विचारून दिला. फीत निघालेली, बसून शिवत होता बिचारा. त्यांच्या फितीला हात लावायचा न्हाई अशी आम्हाला ऑर्डर होती.” शत्रूबद्दल बोलताना मामांच्या तोंडून ‘बिचारा’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आणखी एक घोळ मेसेज पुढं पाठवणाऱ्यांच्या डोक्यात दिसतो. युद्धकैदी म्हणजे तुरुंगातला कैदी, असं ते धरून चालतात. आपल्या हिंडलग्याच्या जेलमध्येसुद्धा हा फरक कळतो. शिक्षा लागलेल्यानं जेलचे कपडे घालायचे, कच्च्या कैद्याला स्वतःचे घालता येतात, कारण तो अजून गुन्हेगार ठरलेला नसतो. युद्धकैदी तर गुन्हेगारच नाही. त्यानं आपल्या देशाचं काम केलं, शत्रूच्या हाती सापडला, आणि लढाई संपेपर्यंत त्याला लढाईबाहेर ठेवायचं, एवढाच त्या कैदेचा अर्थ. पळून जाऊ नये म्हणून कपड्यांवर खूण करण्याची पद्धत होती, अमेरिकेत ठेवलेल्या जर्मन कैद्यांच्या कपड्यांवर पी. डब्ल्यू. अशी मोठी अक्षरं छापलेली असत. पण ती खूण ओळखीसाठी असते. तिचा उपयोग त्याला हिणवायला करता येत नाही.

आणि हे नियम कुणी बसल्या बसल्या काढलेले नाहीत, त्यामागं माणसं मेली आहेत, आपलीसुद्धा. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियात कूत अल अमारा इथं इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. त्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्या वेळी १९०७ चा हेग नियम होता, की कैद्याला अन्न, निवारा आणि कपडा आपल्या सैनिकांइतकाच द्यावा. कागदावर होता. प्रत्यक्षात उपाशी आणि आजारी माणसांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेलं. बूट काढून घेतले गेले, उरलेले कपडे माणसांनी भाकरीसाठी विकले. हजारो परत आले नाहीत. ‘पुरेसे कपडे, हवेला जुळणारे, आणि पायातलं’ हे शब्द कलम २७ मध्ये इतके मोजून का लिहिलेत, ते इथून कळतं.

सुटकेच्या वेळच्या कपड्यांची सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र कोरियात घडली. जुलै १९५३ मध्ये तिथं युद्धबंदी झाली आणि ऑगस्टपासून कैद्यांची अदलाबदल सुरू झाली. अमेरिकन छावण्यांतून परतणाऱ्या उत्तर कोरियन आणि चिनी कैद्यांना नवे धड कपडे आणि बूट दिलेले होते. अदलाबदलीच्या ठिकाणाकडं, पानमुनजोमकडं जाताना हजारो कैद्यांनी ते उतरवून ट्रकमधून, गाडीतून रस्त्यावर फेकले. रस्त्याच्या कडेला बुटांचे आणि शर्टांचे ढीग पडले. शत्रूचं कापड अंगावर घेऊन आपल्या माणसांसमोर जायचं नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. करारानं त्यांना तसं सांगितलं नव्हतं. कपडे देणाऱ्यानं करार पाळला होता, आणि टाकणाऱ्यांनीही कुठलं कलम मोडलं नव्हतं.

त्याच कोरियात जे कैदी परत जायलाच तयार नव्हते, अशा बावीस हजारांवर माणसांची राखण भारतीय फौजेनं केली. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष कोडगूचे जनरल थिमय्या, राखण करणाऱ्या दलाचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. कैद्याला सोडायचं म्हणजे काय, जबरदस्तीनं परत पाठवणं ही सुटका होते का, या प्रश्नावर ती युद्धबंदी कितीतरी महिने अडून राहिली होती. त्या प्रश्नाच्या मधोमध एक कोडगूचा आणि एक मराठी माणूस उभा होता, हे आपल्या सीमाभागात फारसं कुणी सांगत नाही. मला ते सांगावंसं वाटतं.

साध्या कपड्यांचा उल्लेख करारात एके ठिकाणी स्पष्ट आहे, आणि तो मेसेजवाल्यांच्या अगदी उलट बाजूचा. कलम ९३ म्हणतं की पळून जाण्यासाठी कैद्यानं नागरी कपडे घातले, खोटे कागद वापरले, तर त्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि कलम ९० नुसार ती ३० दिवसांच्या पलीकडं जात नाही. कुणाला इजा केलेली नसावी, एवढीच अट. ऑगस्ट १९७२ मध्ये एका रात्री फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, मल्विंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे आपले तीन वैमानिक रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून बाहेर पडले. अंगात पठाणी वेश. अफगाण सरहद्दीच्या अगदी जवळ, लंडी कोतलला पकडले गेले. सरहद्द काही मैलांवर राहिली होती. त्यांच्या अंगावर भारतीय हवाई दलाची वर्दी नव्हती, म्हणून त्यांचा मान कमी झाला असं म्हणायची हिंमत कुणी करेल का?

आता अभिनंदन. २७ फेब्रुवारी २०१९ ला त्यांचं मिग-२१ पाकिस्तानच्या बाजूला पडलं, १ मार्चच्या रात्री नऊनंतर ते वाघ्याहून अटारीत आले. निळा कोट, पांढरा शर्ट, राखाडी पँट. आमच्या घरी त्या रात्री जेवणं थांबली होती, आई देवापुढं दिवा लावून टीव्हीसमोर बसली होती. तो कोट पाहून मलाही क्षणभर कसंतरी झालं, हे कबूल करतो. मेसेज लिहिणाऱ्याला जे वाटलं ते मला समजतं. पण ज्याच्यावर बोट ठेवायला हवं ते त्याच्या हातून सुटलं. कलम १३ सांगतं की कैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून जपलं पाहिजे. जखमी, डोळ्यांवर पट्टी, चेहऱ्यावर रक्त अशा अवस्थेतले त्यांचे व्हिडिओ जगभर फिरवले गेले, ते या कलमाच्या विरुद्ध होतं, आणि भारत सरकारनं त्याच दिवशी त्यावरच आक्षेप घेतला होता. सुटकेच्या रात्रीसुद्धा हद्द ओलांडण्याआधी त्यांचं एक बोलणं रेकॉर्ड करून तिकडच्या वाहिन्यांवर दाखवलं गेलं. खरा गुन्हा तो. आपण कोटाच्या गुंड्या मोजत बसलो आणि ज्यांनी कॅमेरा लावला त्यांना मोकळं सोडलं. उलट अभिनंदन यांनी काय केलं ते बघा. नाव, हुद्दा, सर्व्हिस नंबर सांगितला आणि पुढच्या प्रश्नांना ‘हे मी सांगू शकत नाही’ असं शांतपणे उत्तर दिलं. कलम १७ मध्ये कैद्यानं सांगायच्या गोष्टी एवढ्याच: नाव, हुद्दा, जन्मतारीख, नंबर. चेहरा सुजलेला असताना त्या माणसाला ते कलम पाठ होतं.

सात दिवसांचं उत्तर लवकर देता येतं. तशी मुदत करारात नाही. कलम ११८ म्हणतं, प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर विलंब न लावता सोडा. लढाई चालू आहे तोवर सोडण्याची सक्ती फक्त गंभीर जखमी आणि आजारी कैद्यांपुरती. आपल्याच माणसांचं बघा. १९६५ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट करिअप्पा, जनरल करिअप्पांचे चिरंजीव, २२ सप्टेंबरला पकडले गेले आणि जानेवारी १९६६ मध्ये सुटले, चार महिन्यांनी. १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर पकडलेले आपले सहाशेवर सैनिक डिसेंबर १९७२ मध्ये परतले, वर्षभरानं. कारगिलच्या वेळी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता आठवडाभरात सुटले आणि २०१९ मध्ये अभिनंदन तिसऱ्या दिवशी. या दोन जवळच्या आठवणींवरून लोकांनी नियम बनवलेला दिसतो. प्रत्यक्षात त्या दोन्ही सुटका दबावानं आणि राजकारणानं लवकर झाल्या.

आठवड्याचा उल्लेख करारात आहे, पण तो पत्रासाठी. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी आणि युद्धकैद्यांची नोंद ठेवणाऱ्या जिनिव्हाच्या कार्यालयाला एक कार्ड लिहू दिलं पाहिजे, असं कलम ७० सांगतं. घरच्या कार्डाचा हा नियम १९२९ च्या जुन्या करारातही होता.

९३,००० चा हिशेब आता. आकड्यापासून सुरुवात करू. त्यात सैन्य, निमलष्करी दलं आणि पोलिस मिळून साधारण ८०,००० होते, बाकीचे नागरिक, बायका-मुलं धरून. ‘लगेच सोडलं’ हे सपशेल खोटं. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, त्यातही कैद्यांचा प्रश्न पुढच्या बोलण्यांवर टाकला होता. सुटकेचा करार झाला २८ ऑगस्ट १९७३ ला दिल्लीत, गाड्या सुटायला लागल्या सप्टेंबरात, आणि शेवटचे कैदी, त्यांत ढाक्यात शरण आलेले त्यांचे सेनापती जनरल नियाझी, वाघ्याहून गेले ३० एप्रिल १९७४ ला. दोन वर्षं आणि साडेचार महिने. काही कैद्यांना खटल्यासाठी बांगलादेशाच्या हवाली करण्याविरुद्ध पाकिस्तान मे १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि डिसेंबरात खटला मागं घेतला. खरं तर कलम ११८ च्या कसोटीवर अवघड प्रश्न आपल्याला विचारला जात होता, की इतका उशीर का. आपलं उत्तर होतं की शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त फौजेपुढं झाली, त्यामुळं बांगलादेशाशिवाय निर्णय होणार नाही. ते उत्तर मला पटतं, पण ‘लगेच सोडलं’ आणि ‘उशीर का केला’ हे दोन्ही आरोप एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

‘बदल्यात काही नाही’ हेही अपुरं. त्याच दिल्ली करारानं पाकिस्तानात अडकलेले लाखाच्या वर बंगाली बांगलादेशात परतले. फेब्रुवारी १९७४ मध्ये पाकिस्ताननं बांगलादेशाला मान्यता दिली. काश्मीर पदरात पाडून घ्यायला हवं होतं, असं कुणाला वाटत असेल तर तो राजकारणाचा वाद आहे, जरूर घाला. पण लढाई संपल्यावर कैदी ओलीस धरून सौदा करायची परवानगी करार देत नाही.

आणि नवे कपडे, पांघरुणं, जेवण? हे फुकट द्यायचं असतं. कलम १५ आणि २७ ते सांगतात. ढाक्याच्या हवेत चालणारी सुती खाकी अंगात असलेली माणसं आपण उत्तरेच्या आणि मध्य प्रदेशाच्या थंडीत आणून ठेवली होती. त्यांना जर्सी दिली नसती तर ती माणसं आपल्या ताब्यात काकडून मेली असती आणि त्याचा जाब आपल्या फौजेला द्यावा लागला असता. मामा आणि त्यांच्यासारख्या हजारो जवानांनी त्या छावण्या नीट राखल्या. त्या कामाची लाज वाटावी असा मेसेज जेव्हा त्यांच्याच मोबाइलवर येतो, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

मेसेजवाल्यांना त्या काळातलं काही मनाला लावून घ्यायचंच असेल, तर एक गोष्ट आहे. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेले आपले ५४ जण, जे पाकिस्तानच्या ताब्यात असावेत असं त्यांच्या घरचे आणि आपलं सरकारही मानत आलं. पाकिस्ताननं ते कायम नाकारलं. २००७ मध्ये नातेवाइकांचं एक पथक तिकडच्या तुरुंगांत शोधायला गेलं आणि रिकाम्या हातांनी परतलं. त्यांच्याबद्दलचा एकही मेसेज मला आजवर ग्रुपवर आलेला आठवत नाही.

राहिली नेसरी. बेळगावहून गाडीनं तास-दीड तासाची वाट, आमच्या शाळेची सहल तिथं जायची. खिंडीतल्या त्या स्मारकासमोर उभं राहून ज्याच्या अंगावर काटा आला नाही असा पोरगा आमच्या वर्गात नव्हता. पण गोष्ट नीट सांगायला हवी. १६७३ मध्ये उमराणीजवळ शिवाजी महाराजांचे सरनोबत प्रतापराव गुजर यांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला पाण्यावाचून कोंडलं आणि तो शरण आल्यावर वाट मोकळी करून दिली. खान फौजेसह, हत्यारांसह गेला आणि युद्ध चालूच होतं. महाराज रागावले ते यावर. पुढं २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर धावून गेले.

आता हे आजच्या करारावर घासून बघा. लढाई चालू असताना धडधाकट शत्रूला सोडण्याची सक्ती करार कुणावरही करत नाही. उमराणीला आजचा करार असता, तरी महाराजांचंच म्हणणं बरोबर ठरलं असतं. शब्दावर सोडण्याची सोय कलम २१ मध्ये आहे, पण ती ऐच्छिक आहे, आणि शब्द देऊन सुटलेल्यानं तो पाळणं बंधनकारक आहे. खानानं तो पाळला नाही. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १६७२ ला, साल्हेरच्या लढाईत पकडलेल्या मोगल सरदारांना जखमा बऱ्या झाल्यावर महाराजांनी सन्मानानं सोडलं होतं. कुणाला केव्हा सोडायचं याचा विचार त्यांनी प्रसंग पाहून केला. त्यांचं नाव घेऊन ‘कुणालाच सोडू नका’ म्हणणाऱ्यांनी साल्हेर वाचावं.

हे सगळं मी मामांना रविवारी त्यांच्या घरी बसून वाचून दाखवलं. कलमांचे आकडे त्यांनी सोडून दिले, पण छावणीतल्या कार्डाचा भाग आला तेव्हा म्हणाले, “थोरल्या आजोबांचं आलं होतं की तसलं कार्ड. पेटीत बघ.” संध्याकाळी घरी येऊन पेटी उतरवली. कोटाच्या घडीखाली होतं. पोस्टकार्डापेक्षा जरा लहान, पिवळं पडलेलं, छापील ओळींचं, मी कैदेत आहे आणि तब्येत बरी आहे एवढाच मजकूर, खाली पेन्सिलीनं नाव, नंबर आणि गाव. घरी सांगतात की ते पोचायला सात महिने लागले, आणि गावच्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं तोवर पणजीनं सुनेचं कुंकू पुसायचं नाही असा हट्ट धरला होता.

कार्डाचा फोटो मी ग्रुपवर टाकला आहे. तोब्रुकला सापडलेल्या पलटणीत खानापूर, चंदगड, गडहिंग्लजची बरीच माणसं होती. तुमच्या माळ्यावर जुनी काळी पेटी असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात घालण्याआधी एकदा कपड्यांच्या घड्या उलगडून बघा, आणि असं कार्ड सापडलं तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठवा.